भास्कराचार्य आणि पाटणचा मठ

विद्यार्थिमित्रहो, नवें शालेय वर्ष सुरू झालें कीं एक तक्रार हटकून ऐकूं येते. ज्यास पुढें वडिलांचें दुकान चालवावयाचें आहे, त्यानें प्रकाशाच्या परावर्तनाचे नियम कां शिकावे? ज्यास वकिली करावयाची आहे, त्यास वनस्पतींच्या पेशी कशास पाहिजेत? आणि शिकावयाचेंच असेल तर पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हीं तिन्ही एकाच विषयाच्या पोटांत कां घातलीं? ज्यास जें आवडेल तें त्यानें घ्यावें, म्हणजे झालें! ही तक्रार केवळ विद्यार्थ्यांचीच असते असें नाहीं. पुष्कळ पालकही ती मनांतल्या मनांत करीत असतात.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं परमुलखांत जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच खानदेशांत, चाळीसगांवाच्या नैर्ऋत्येस सुमारें दहा मैलांवर, सातमाळ्याच्या डोंगराच्या कुशींत पाटण नांवाचें स्थान आहे. पाटणादेवीच्या यात्रेनिमित्त तुमच्यापैकीं कित्येकजण तेथें जाऊन आले असतील. आठशें वर्षांपूर्वीं त्या ठिकाणीं एक मठ होता व त्यांत एका थोर गणितज्ञाचे ग्रंथ शिकविले जात असत. त्या पुरुषाचें नांव भास्कराचार्य. त्यांचें चरित्र पाहिलें असतां वरील तक्रारीचा उलगडा होण्यास मदत होईल, असें वाटल्यावरून तें येथें थोडक्यांत सादर करीत आहों.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्यें, म्हणजे इ. स. १११४ सालीं झाला. प्राचीन काळच्या पुष्कळ ग्रंथकारांचा काल ठरवितांना विद्वानांस तर्काचा आश्रय करावा लागतो. परंतु भास्कराचार्यांनीं आपलें जन्मवर्ष, आपलें गोत्र, आपल्या वडिलांचें नांव व आपलें गांव हीं सर्व स्वतःच लिहून ठेविलीं आहेत. त्यांचें गोत्र शांडिल्य, वडिलांचें नांव महेश्वर, आणि सह्य पर्वताजवळ वसलेलें त्यांचें गांव विज्जडविड. हें विज्जडविड म्हणजे आजचें कोणतें स्थळ, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. कांहींजण तें कर्नाटकांतील विजापूर मानतात, तर कांहींच्या मतें तें पाटणच्या परिसरांतच असलें पाहिजे. तें कोठेंही असो. त्यांच्या घराण्याचा पाटणशीं निकट संबंध होता, याची साक्ष मात्र दगडावर कोरलेली आहे. तिचें वर्णन पुढें येईलच.

त्या काळीं शाळा म्हणजे बहुधा घरच असे. महेश्वर हे स्वतः ज्योतिषशास्त्राचे जाणते होते, व तेच आपल्या पुत्राचे गुरु झाले. हें घराणें पिढ्यान्‌पिढ्या विद्येची उपासना करणारें होतें. त्याचा मूळ पुरुष त्रिविक्रम. त्याचा पुत्र भास्करभट्ट यास भोजराजानें विद्यापति ही पदवी दिली होती, असें शिलालेख सांगतो. अशा घरांत वाढणाऱ्या मुलास गणित हें परीक्षेपुरतें पाठ करण्याचें ओझें वाटत नसावें. पंचांग करणें, ग्रहणाची वेळ काढणें, सावलीवरून काळ मोजणें, हीं त्या घरचीं रोजचीं कामें होतीं. शेतकऱ्याचा मुलगा जसा पेरणीची वेळ न शिकवितां ओळखूं लागतो, तसाच हा मुलगा आकाश ओळखूं लागला असेल.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे इ. स. ११५० सालीं, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि हा आपला महान् ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत. पहिला लीलावती; त्यांत अंकगणित व क्षेत्रमापन आहे. दुसरा बीजगणित. तिसरा ग्रहगणित, त्यांत सूर्य, चंद्र व ग्रह यांच्या गतींचें गणित आहे. चौथा गोलाध्याय, त्यांत पृथ्वीचा गोल, आकाशाचा गोल, ऋतु आणि वेध घेण्याचीं यंत्रें यांचें विवेचन आहे. आजच्या शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर गणित, भूगोल आणि पदार्थविज्ञान हे तीन विषय या एका ग्रंथांत एकत्र बांधलेले आहेत.

लीलावतीची गोडी आजही कमी झालेली नाहीं. भास्कराचार्यांनीं त्यांतील उदाहरणें तळ्यांतून, रानांतून व बाजारांतून उचललेलीं आहेत. तळ्यांतील कमळ पाण्यावर अर्धा हात वर डोकावत आहे. वाऱ्यानें तें कललें आणि दोन हातांवर जाऊन पाण्यांत बुडालें. तर त्या ठिकाणीं पाणी किती खोल? उत्तर येतें पावणेचार हात. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्यानें मोडला व त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीस टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर येतें बारा हात. काटकोन त्रिकोणाचा जो नियम तुम्ही भूमितीच्या पुस्तकांत घोकतां, तोच येथें फुलाच्या देंठांत व वेळूच्या कांडांत दिसतो.

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती व तिच्या समाधानासाठीं त्यांनीं हा ग्रंथ लिहिला, अशी एक कथा सर्वत्र प्रसिद्ध आहे. ती कथा अकबराच्या दरबारांतील कवि फैजी यानें इ. स. १५८७ मध्यें केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेंत येते; खुद्द भास्कराचार्यांनीं ती कोठें सांगितलेली नाहीं. मात्र ग्रंथांतील कित्येक प्रश्न एका चतुर बालिकेस उद्देशून घातलेले आहेत, हें खरें. गणित हा मुलींचा विषय नाहीं, असें जे म्हणतात, त्यांनीं एवढी गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी.

बीजगणितांत त्यांची बुद्धि किती खोल जात असे, याचें एकच उदाहरण देतों. एका संख्येच्या वर्गास ६१ नें गुणून त्यांत १ मिळविला, तर येणारी बेरीजही पूर्ण वर्ग असली पाहिजे. अशी सर्वांत लहान संख्या कोणती? प्रश्न दिसावयास लहान. परंतु तिचें उत्तर आहे २२,६१,५३,९८०, आणि जी बेरीज येते तिचें वर्गमूळ आहे १,७६,६३,१९,०४९. हें उत्तर अंदाजानें शोधूं गेल्यास जन्म पुरावयाचा नाहीं. भास्कराचार्यांनीं तें चक्रवाल नांवाच्या रीतीनें थोड्याच पायऱ्यांत काढून दाखविलें. ही रीति त्यांच्या पूर्वीं जयदेव नांवाच्या गणितज्ञास ठाऊक होती. तिचें स्पष्ट विवेचन भास्कराचार्यांनीं केलें. पुढें पांचशें वर्षांनीं, इ. स. १६५७ मध्यें, फ्रान्समधील फर्मा या विख्यात गणितज्ञानें हाच ६१ चा प्रश्न युरोपांतील पंडितांपुढें आव्हान म्हणून मांडला.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. हे चार भाग भास्कराचार्यांनीं एकत्र कां बांधले? चार निरनिराळीं पुस्तकें लिहून, ज्यास जें हवें तें त्यानें घ्यावें, असें त्यांनीं कां म्हटलें नाहीं? याचें कारण असें कीं, एकाच प्रश्नाचें उत्तर काढतांना या चारही भागांची गरज लागते.

पृथ्वीचा घेर किती, हा प्रश्न घ्या. दोरी घेऊन पृथ्वीभोंवतीं कोणी फिरूं शकत नाहीं. परंतु गोलाध्याय सांगतो कीं, पृथ्वी गोल असल्यामुळें जों जों आपण उत्तरेस जावें तों तों ध्रुवतारा क्षितिजापासून वर चढत जातो. जळगांवांतून पाहिलें असतां तो क्षितिजावर सुमारें २१ अंश दिसतो. आणखी उत्तरेस उज्जयिनीस गेल्यास तो दोनएक अंश अधिक वर दिसेल. दक्षिणोत्तर असलेल्या दोन गांवांतील अंशांचा फरक यंत्रानें मोजावा, त्यांतील अंतर मोजावें, आणि मग इतक्या अंशांस इतकें अंतर तर ३६० अंशांस किती, असें त्रैराशिक मांडावें. हें त्रैराशिक लीलावतींत शिकविलेलें आहे. भास्कराचार्यांनीं उज्जयिनी ही विषुववृत्तापासून पृथ्वीच्या घेराच्या सोळाव्या भागावर आहे, असें धरलें. त्यांनीं पृथ्वीचा घेर ४९६७ योजनें व व्यास सुमारें १५८१ योजनें दिला आहे. या दोन आंकड्यांचा भागाकार करून पाहा, ३.१४१६ च्या अगदीं जवळ जाणारी संख्या येईल. ज्यास केवळ त्रैराशिक येतें पण पृथ्वी गोल आहे हें ठाऊक नाहीं, त्याच्या हातून हा प्रश्न सुटणार नाहीं. ज्यास पृथ्वी गोल आहे हें ठाऊक आहे पण त्रैराशिक येत नाहीं, तोही तेथेंच अडून बसेल. आणि ज्यास दोन्ही येतात पण यंत्र हातीं धरून वेध घेतां येत नाहीं, त्याचें ज्ञान कागदावरच राहील.

हाच प्रकार सावलीचा. चाळीसगांवच्या परिसरांत मार्च महिन्यांत दिवस व रात्र समान असतांना भरदुपारीं बारा अंगुळें उंचीचा शंकु सपाट जमिनीवर उभा करा. त्याची सावली सुमारें साडेचार अंगुळें पडेल, व तेवढ्यावरून आपण विषुववृत्ताच्या किती उत्तरेस आहों हें गणितानें निघेल. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यांत एके दिवशीं तीच सावली भरदुपारीं नाहींशी होते, कारण त्या दिवशीं सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. एका काठीच्या सावलींत भूमिति, भूगोल आणि ज्योतिष हीं तिन्ही एकत्र नांदतात. मनुष्यानें सोयीसाठीं शास्त्रांचे भाग पाडले. सृष्टीनें पाडलेले नाहींत.

भास्कराचार्यांचा दुसरा विशेष असा कीं, ते उत्तर देऊन थांबत नसत. तें तसेंच कां येतें हेंही सांगत. याला त्यांच्या शास्त्रांत उपपत्ति असें नांव आहे. आपल्या ग्रंथावर त्यांनीं स्वतःच वासनाभाष्य नांवाची टीका लिहिली व नियमांमागील कारणें उलगडून दाखविलीं. उपपत्ति न जाणणारा गणिती विद्वानांच्या सभेंत टिकाव धरूं शकत नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता. मोठ्या नांवापुढें मान तुकवून चूक तशीच पुढें चालविणें त्यांस मान्य नव्हतें. लल्ल नांवाच्या पूर्वींच्या आचार्यानें गोलाच्या पृष्ठफळाचा चुकीचा नियम दिला होता. भास्कराचार्यांनीं त्याचें स्पष्ट खंडन केलें, आणि घेरास व्यासानें गुणलें असतां पृष्ठफळ येतें हा खरा नियम सांगितला. तो समजावून देतांना त्यांनीं चेंडूवर घातलेल्या जाळीचा दाखला दिला. मुलांच्या खेळण्यांतला चेंडू त्यांनीं शास्त्राच्या साक्षीस उभा केला!

पृथ्वी कशावर टेकलेली आहे, या जुन्या प्रश्नासही त्यांनीं असेंच निर्भयपणें उत्तर दिलें. पृथ्वीस आधार देणारें कांहीं मानलें, तर त्या आधारास दुसरा आधार, त्यास तिसरा, असें मानीत जावें लागेल; मग पृथ्वीच आपल्या शक्तीनें आकाशांत राहिली आहे असें मानण्यास काय हरकत? पृथ्वीच्या ठायीं आकर्षणशक्ति असून ती जड वस्तूंस आपल्याकडे ओढते, म्हणून त्या पडतात असें आपणांस वाटतें. परंतु पृथ्वीच्या सर्व बाजूंस आकाश सारखेंच असल्यामुळें ती स्वतः कोठें पडणार? असा त्यांचा युक्तिवाद होता. पृथ्वी सपाट कां दिसते, यास त्यांचें उत्तर असें कीं, मोठ्या वर्तुळाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखाच दिसतो, आणि एवढ्या मोठ्या पृथ्वीच्या मानानें मनुष्य फारच लहान आहे.

थोरांचें चरित्र सांगतांना त्यांच्या चुका झांकून ठेवणें हा त्यांचा गौरव नव्हे. भास्कराचार्यांनीं पृथ्वी स्थिर मानली व सूर्य तिच्याभोंवतीं फिरतो असें धरूनच सर्व गणित केलें. आकर्षणशक्तीची कल्पना त्यांनीं मांडली, परंतु तिचें माप गणितांत बसविण्याचें कार्य पुढें सतराव्या शतकांत न्यूटननें केलें. पाऱ्यानें अर्धें भरलेल्या पोकळ आऱ्यांचें चाक एकदां फिरविलें म्हणजे आपोआप फिरत राहील, असें एक यंत्रही त्यांनीं वर्णिलें आहे. तसें चाक अखंड फिरणें शक्य नाहीं, हें आज शाळेंतील विद्यार्थीही सांगूं शकेल. मात्र त्याच यंत्राध्यायांत अनेक यंत्रांचें वर्णन करून झाल्यावर त्यांनीं सर्वांत श्रेष्ठ असें धीयंत्र, म्हणजे बुद्धीचें यंत्र, सांगितलें आहे. हातीं एक साधी काठी असली तरी बुद्धि जागी असलेला मनुष्य तिच्या साहाय्यानें उंची व अंतर मोजूं शकतो, हा त्याचा भावार्थ होय. प्रयोगशाळेंत साहित्य थोडें आहे म्हणून खंत करणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

वार्धक्यांतही त्यांची लेखणी थांबली नाहीं. इ. स. ११८३ मध्यें, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं, त्यांनीं करणकुतूहल हा ग्रंथ रचला. मोठा सिद्धान्तग्रंथ पेलण्याची शक्ति वा सवड ज्यांस नाहीं, अशा पंचांगकर्त्यांस सोप्या रीतीनें ग्रहगणित करतां यावें, हा त्याचा हेतु होता. छत्तिसाव्या वर्षीं पंडितांसाठीं लिहिणारा मनुष्य सत्तरीच्या उंबरठ्यावर सामान्यांसाठीं लिहितो, यांत त्याच्या मनाचा मोठेपणा दिसून येतो.

त्यांचा पुत्र लक्ष्मीधर हाही मोठा विद्वान होता. यादव राजा जैत्रपाळ यानें त्यास बोलावून नेऊन आपल्या पंडितांमध्यें अग्रस्थान दिलें. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा पुढें देवगिरीच्या सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांनीं लिहिलेली विद्या केवळ राजसभेंत मिरवावी, याचें त्यास समाधान वाटलें नाहीं. सिद्धान्तशिरोमणि व घराण्यांतील इतर ग्रंथ यांचें अध्ययन अखंड चालावें म्हणून त्यानें पाटण येथें मठ स्थापन केला. त्या प्रांतावर यादवांचे मांडलिक असे निकुंभ वंशाचे राजे राज्य करीत होते. त्यांपैकीं सोइदेव व त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनीं मठास उत्पन्न लावून दिलें. शके ११२८ चा उल्लेख असलेला हा दानलेख इ. स. १२०७ मधील श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाचा आहे. ज्या घराण्यानें ग्रहणांचें गणित जगास शिकविलें, त्याच्या विद्येस दान मिळालें तेंही ग्रहणाच्या पर्वावर!

या शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृत असला, तरी शेवटचा भाग त्या काळच्या मराठींत आहे, आणि विद्यार्थी व पालक या दोघांनींही लक्षांत ठेवावा असा तो आहे. पाटणच्या बाजारांत जो माल विकला जाई, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजास मिळणारा कर मठास देण्यांत आला. तसेंच गांवांत जितके तेलाचे घाणे चालत, तितक्यांनीं घाण्यामागें एक पळी तेल मठास द्यावें, असें ठरलें. पंडितांचा मजकूर पंडितांच्या भाषेंत कोरला; परंतु ज्यांनीं द्यावयाचें त्यांस नीट समजावें म्हणून देण्याचा मजकूर लोकांच्या भाषेंत कोरला. त्या तेल्यानें बीजगणित शिकलें नसेल, आणि ग्रहगतीचा हिशेबही त्यास ठाऊक नसेल. तरीही मठांतील विद्यार्थी रात्रीं दिव्यापाशीं बसून लीलावती वाचीत असेल, तर त्या दिव्यांत त्याच्या घाण्याचें तेल जळत असण्याचा संभव आहे. शास्त्राचें शिक्षण पंडितांच्या बुद्धीवर चालतें, तितकेंच तें गांवाच्या घामावर चालतें.

पाटणपासून थोड्या अंतरावर, चाळीसगांव तालुक्यांतच, गिरणेच्या कांठीं बहाळ नांवाचें गांव आहे. भास्कराचार्यांचे बंधु श्रीपति यांच्या वंशांतील अनंतदेव हाही सिंघण राजाचा ज्योतिषी होता. त्यानें बहाळ येथें भवानीचें देऊळ बांधविलें, असें तेथील शके ११४४ चा, म्हणजे इ. स. १२२२ चा शिलालेख सांगतो. यावरून गिरणेचा हा प्रदेश एके काळीं ज्योतिषविद्येचें केवढें आश्रयस्थान होता, याची कल्पना येईल.

काळ पालटला. यादवांचें राज्य लयास गेलें, पाटणची वस्ती उठून गेली, मठ नामशेष झाला, आणि बाजारपेठेच्या जागीं रान माजलें. परंतु भास्कराचार्यांचे ग्रंथ वांचले. देशांत ठिकठिकाणीं त्यांच्या नकला होत राहिल्या व त्यांवर टीका लिहिल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकांत मुंबईचे विद्वान डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं पाटणच्या शिलालेखाचा शोध लावला व इ. स. १८६५ मध्यें त्याची हकीकत प्रसिद्ध केली. पुढें इ. स. १८९२ मध्यें डॉक्टर कीलहॉर्न यांनीं तो साक्षेपानें संपादिला. आठशें वर्षांपूर्वींच्या एका शाळेचा जमाखर्च आज आपणांस वाचावयास मिळतो, तो या विद्वानांच्या परिश्रमामुळें.

त्याच शतकांत भास्कराचार्य पुन्हां एकदां शाळेंत आले, ती कथाही मनोरंजक आहे. भोपाळजवळ सीहोर येथें लान्सिलट विल्किन्सन नांवाचा इंग्रज अधिकारी होता. तेथील पाठशाळेंतील विद्यार्थ्यांस एकदम कोपर्निकसचें मत सांगितलें तर तें त्यांस परकें वाटेल, हें त्यानें ओळखलें. म्हणून त्यानें प्रथम सिद्धान्तशिरोमणीचें अध्ययन चालू केलें, आणि त्याच पायरीवरून विद्यार्थ्यांस नव्या ज्योतिषाकडे नेलें. तेथील पंडित सुबाजी बापू यांनीं इ. स. १८३६ मध्यें सिद्धान्तशिरोमणिप्रकाश हें पुस्तक मराठींत लिहून पुराणांचें, सिद्धान्तांचें व कोपर्निकसचें अशीं तीन मतें ताडून दाखविलीं. त्याच सीहोरांत शिकलेले महाराष्ट्रीय गणितज्ञ बापूदेव शास्त्री पुढें काशीच्या संस्कृत महाविद्यालयांत अध्यापक झाले. विल्किन्सननें केलेलें गोलाध्यायाचें इंग्रजी भाषांतर त्यांच्याच देखरेखीखालीं इ. स. १८६१ मध्यें बाहेर पडलें. जुनें ज्ञान टाकून न देतां त्याच्या खांद्यावर उभें राहून नवें ज्ञान कसें घ्यावें, याचा हा उत्तम धडा होय.

आपल्या धुळ्यासही या कथेंत मानाचें स्थान आहे. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठींत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षणखात्यांत नोकरीस असतांना कांहीं काळ धुळ्यास शिक्षक होते. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्र हा अमोल ग्रंथ इ. स. १८९६ मध्यें प्रसिद्ध झाला. भास्कराचार्यांच्या कार्याची चिकित्सा करतांना त्यांनीं आदर व सत्यनिष्ठा या दोहोंचा सारखाच सांभाळ केला. एका शाळामास्तरानें दिवसाचें काम आटोपून केलेला हा व्यासंग पुढच्या पिढ्यांस आदर्शवत् झाला आहे.

स्वतंत्र भारतानेंही या नांवाचें स्मरण ठेविलें. इ. स. १९७९ व १९८१ मध्यें भारतानें पृथ्वीचें निरीक्षण करणारे जे दोन उपग्रह आकाशांत सोडले, त्यांस भास्कर हें नांव दिलें. प्राचीन भारतांत होऊन गेलेल्या या नांवाच्या दोन्ही गणितज्ञांचा त्यांत गौरव आहे. ज्यांनीं काठीच्या सावलीवरून पृथ्वीचें माप काढण्याची रीति सांगितली, त्यांच्या नांवाचें यंत्र पृथ्वीभोंवतीं फिरून आलें!

आतां आरंभींच्या तक्रारीकडे येऊं. इ. स. १९६४ ते १९६६ या काळांत काम करणाऱ्या कोठारी आयोगानें अशी शिफारस केली कीं, शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित हे विषय प्रत्येक विद्यार्थ्यास आवश्यक असावे. आज महाराष्ट्रांतील दहावीचा विद्यार्थी विज्ञान आणि तंत्रज्ञान हा विषय दोन भागांत शिकतो, आणि त्यांत पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र एकत्र नांदतात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत आजचें रसायन नाहीं व आजचें जीवशास्त्रही नाहीं; त्यांचें क्षेत्र गणित व ज्योतिष हें होतें. परंतु हीं शास्त्रें एकमेकांवांचून पांगळीं आहेत, हें तत्त्व मात्र त्यांनीं नऊशें वर्षांपूर्वींच ओळखलें होतें. केळीच्या बागेस पाणी घालणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास पाण्याचा दाब, मातींतील क्षार आणि मुळांचें कार्य या तीनही गोष्टींची एकाच वेळीं गरज पडते. कापसावर कीड पडली असतां ती कोणत्या प्रकरणांतली, हें विचारून ती येत नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, विज्ञानाचें पुस्तक उघडतांना हें प्रकरण माझ्या उपयोगाचें आहे काय, असें विचारण्यापूर्वीं हें असें कां घडतें, असें विचारा. उत्तर पाठ झालें म्हणजे गुण मिळतील. उपपत्ति समजली म्हणजे विद्या मिळेल. आणि पालकहो, मुलांच्या शिक्षणाचा भार आपण वाहतां, तो आपणांस कधीं कधीं जड वाटत असेल. अशा वेळीं पाटणच्या त्या पळीभर तेलाची आठवण ठेवावी. देणाऱ्याचें नांव शिलालेखांत नाहीं. परंतु त्या तेलाच्या उजेडांत जें वाचलें गेलें, त्याचा प्रकाश अजून मावळलेला नाहीं.

पुढील वेळीं पाटणादेवीस जाल, तेव्हां दर्शन झाल्यावर घटकाभर तेथें थांबा. आपल्या सावलीकडे पाहा, ती कोणत्या दिशेस पडली आहे व तुमच्या उंचीच्या मानानें किती लांब आहे, हें मोजा. त्या सृष्टिकर्त्याच्या सृष्टींत गणित कसें भरून राहिलें आहे, याचा पहिला पाठ त्याच भूमीवर तुम्हांस मिळेल.